मेंढपाळांचं माळरान की व्हीनसचा दरबार? अठराव्या शतकातलं युरोपीय प्रिंट घेण्याआधी

तांब्याच्या पत्र्यावरून छापलेलं जुनं युरोपीय चित्र घरात लावायचं ठरलं, आणि मनात मेंढपाळ, गुरं, जुनी देवळं नाहीतर ग्रीक-रोमन देवदेवता असतील, तर शोधताना तीन घराण्यांची प्रिंटं पुन्हा पुन्हा समोर येतात. पहिली लंडनची, ठिपक्याठिपक्यांनी घडवलेली 'स्टिपल' प्रिंटं, ज्यांवर फ्रान्चेस्को बार्तोलोत्सीचं नाव बहुतेक वेळा असतं. दुसरी क्लोद लोरँच्या रेखाटनांवरून रिचर्ड अर्लमने केलेली तपकिरी निसर्गदृश्यं. तिसरी पॅरिसची, फ्रान्स्वा बूशेची खडूची चित्रं हुबेहूब उतरवणारी. यांच्या जोडीला याच चित्रांच्या शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या नकलाही असतात, आणि दुकानात 'अँटिक' म्हणून जे दाखवतात त्यातला बराच माल तोच असतो. म्हणून त्यांचाही विचार आधीच करून ठेवलेला बरा.

माझं मत सुरुवातीलाच सांगते. पहिलंच प्रिंट घेत असाल तर अर्लमचं क्लोद घ्या. चेहरे, पौराणिक कथा, नाजूकपणा यांची ओढ असेल तर स्टिपल घ्या, पण रंगीत नको, एकाच लाल-तपकिरी शाईतलं घ्या. बूशेकडे वळायचं ते ज्यांना रेखाटनाचंच वेड आहे त्यांनी. हे मत का झालं ते आता सविस्तर.

स्टिपल: देखणी, पण सर्वात जास्त छेडछाड झालेली

बार्तोलोत्सी मूळचा फ्लॉरेन्सचा. १७६४ साली तो लंडनला आला, तिसऱ्या जॉर्ज राजाचा एनग्रेव्हर, म्हणजे पत्रे कोरणारा कारागीर, झाला आणि १७६८ साली रॉयल अकॅडमी ही कलावंतांची संस्था निघाली तेव्हा संस्थापकांत होता. त्याच यादीत त्याचा गाववाला मित्र चिप्रियानी होता आणि स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेली अँजेलिका काउफमानही होती. संस्थापकांत बायका दोनच, त्यातली ती एक. चित्र काउफमानचं किंवा चिप्रियानीचं आणि पत्रा बार्तोलोत्सीचा, या जोड्यांनी पुढची वीस-पंचवीस वर्षं लंडनच्या दिवाणखान्यांवर राज्य केलं. पतीची वाट पाहणारी पेनेलोपी, थीसिअसने किनाऱ्यावर टाकून दिलेली आरिआड्नी, हात बांधलेला क्युपिड आणि त्याच्याभोवतीच्या अप्सरा असे विषय, आणि आकार बहुधा लंबगोल नाहीतर गोल. ही चित्रं संग्राहकाच्या कपाटासाठी नव्हतीच. ती भिंतीवर लावायलाच काढलेली, आणि त्या काळी त्यांना फर्निचर प्रिंट असंच म्हणत.

स्टिपलमध्ये रेघ जवळजवळ नसते. पत्र्यावर मेणाचा थर द्यायचा, त्यात सुईने आणि दातेरी चाकाने ठिपके टोचायचे, अॅसिडने ते खोल करायचे आणि मग वाकड्या टोकाच्या कोरणीने हाताने आणखी ठिपके भरायचे. दहापट मोठं दाखवणारं भिंग घेऊन आरिआड्नीच्या गालावर धरा. कानशिलाजवळ ठिपके दाट, मोठे, एकमेकांना टेकलेले दिसतात. गालाच्या उंचवट्याकडे येताना ते बारीक आणि विरळ होतात आणि नाकाच्या शेंड्यावर नुसता कागद उरतो. एकही ठिपका दुसऱ्यासारखा नसतो, कुठे दोघांचे तिघांचे पुंजके असतात. हाताने केलेल्या कामाची हीच खूण, आणि चांगल्या प्रतीत हा गाल खरोखर मऊ वाटतो. हे सुख बाकीच्या दोन घराण्यांत नाही, ते मान्य केलंच पाहिजे.

अडचण रंगाची आहे. अस्सल रंगीत स्टिपलमध्ये एकाच पत्र्यावर चिंध्यांच्या छोट्या बोळ्यांनी वेगवेगळ्या जागी वेगवेगळी शाई लावत. ओढणीला निळी, गालाला गुलाबी, झाडाला हिरवी. पत्रा एकदाच दाबाखालून जाई आणि पुढच्या प्रतीसाठी सगळी शाई पुन्हा पहिल्यापासून लावावी लागे. काम वेळखाऊ, म्हणून अशा प्रती तेव्हाही महाग होत्या, आजही आहेत. मात्र बाजारात जी 'रंगीत बार्तोलोत्सी' म्हणून मिळते तिच्यात पुष्कळदा एका शाईत छापलेल्या प्रतीवर मागाहून कुणीतरी वॉटरकलर चढवलेला असतो. ओळखायचं कसं? भिंगाखाली ठिपकाच निळा असेल आणि ठिपक्यांमधला कागद पांढरा असेल, तर रंग छपाईतला आहे. ठिपका तपकिरी आणि त्याच्या आजूबाजूचा कागद निळसर असेल, तर रंग वरून लावलेला आहे. जुन्या रंगीत प्रतींनाही ओठ-डोळ्यांपाशी ब्रशचा हलका हात दिलेला असतो, तो दोष नव्हे. सगळंच ब्रशचं असेल तर रंगीत छपाईचे पैसे मोजू नका. शिवाय उजेडाने आधी उडतो तो हा वॉटरकलर. छपाईची शाई त्यामानाने पुष्कळ टिकते.

दुसरी अडचण नावाची. बार्तोलोत्सीच्या हाताखाली शिष्यांचा मोठा ताफा होता, आणि त्याच्या नावाने निघालेल्या दोन हजारांहून अधिक पत्र्यांपैकी किती ठिपके त्याने स्वतः टोचले ते कुणी सांगू शकणार नाही. त्यामुळे खाली त्याचं नाव आहे एवढ्यावर भाव वाढवून देण्यात अर्थ नाही. शिष्याच्या हातची, पण पत्रा ताजा असताना निघालेली स्वच्छ प्रत ही गुरूच्या नावाच्या झिजलेल्या प्रतीपेक्षा कितीतरी चांगली. झिजलेल्या पत्र्याची प्रत फिकी, सपाट दिसते आणि डोळ्यांच्या बाहुल्या, केसांच्या बटा यांतला गडदपणा गेलेला असतो.

हे तंत्र इंग्लंडात रुजवणारा विल्यम विन रायलंड. तो पॅरिसला शिकला, बूशेच्या चित्रांवर काम केलं आणि खडूच्या चित्राची नक्कल करण्याची फ्रेंच रीत लंडनला घेऊन आला. काउफमानची कितीतरी चित्रं त्यानेच पत्र्यावर उतरवली. १७८३ साली त्याला टायबर्नला, लंडनच्या फाशीच्या जागी, फाशी झाली. ईस्ट इंडिया कंपनीच्या हुंडीची बनावट केल्याचा आरोप होता, आणि हुंडीवरच्या तारखेला तो कागद तयारच झालेला नव्हता, अशी कागद बनवणाऱ्याची साक्ष खटल्यात निर्णायक ठरली. एवढ्या बारीक नजरेच्या कारागिराचा घात कागदाने केला याचं मला फार वाईट वाटतं. पण प्रिंट पारखताना कागद किती बोलतो हे यातून कळतं, आणि त्याचाच उपयोग पुढे आहे.

अर्लमचं क्लोद: माझी पहिली शिफारस

क्लोद लोरँ जन्माने लोरेन प्रांतातला, पण आयुष्य रोममध्ये गेलं आणि १६८२ साली तो तिथेच वारला. सकाळ-संध्याकाळचा तिरपा उजेड, लांबवर विरत गेलेले डोंगर, एका कडेला मोठं झाड, मधे पाणी पिणारी गुरं आणि बासरी वाजवणारा मेंढपाळ, हे चित्र युरोपच्या डोळ्यांत त्यानेच बसवलं. त्याच्या नावावर खोटी चित्रं खपू लागली तेव्हा, साधारण १६३५ च्या सुमारास, त्याने एक वही सुरू केली. पूर्ण झालेल्या प्रत्येक चित्राचं रेखाटन तिच्यात करायचं आणि पाठीमागे ते कुणासाठी केलं ते टिपायचं. 'लिबेर व्हेरितातिस' या नावाने ओळखली जाणारी ही वही पुढे इंग्लंडात डेव्हनशरच्या ड्यूककडे गेली आणि १९५७ पासून ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

या वहीची मुद्राचित्रं काढायचं धाडस लंडनचा प्रकाशक जॉन बॉयडेल याने केलं. काम दिलं अर्लमला, आणि १७७७ साली दोन खंडांत दोनशे चित्रं निघाली. १८१९ साली इतर संग्रहांतल्या रेखाटनांवरून आणखी शंभरांचा तिसरा खंड आला. अर्लमने क्लोदच्या लेखणीच्या रेघा एचिंगने, म्हणजे अॅसिडने पत्रा खोदून, घेतल्या आणि पाण्यात कालवलेल्या शाईचे फटकारे मेझोटिंटने. मेझोटिंटमध्ये दातेरी हत्याराने पत्रा खरखरीत करतात आणि उजेड हवा तिथे तो घासून पुन्हा गुळगुळीत करतात. खरखरीत भागात शाई अडकून मखमलीसारखी काळोखी उतरते. छपाई सगळी तपकिरी शाईत. मूळ वहीत पांढऱ्या पानांबरोबर निळ्या कागदाचीही पानं आहेत, ती निळाई मात्र इथे नाही.

माझी पहिली शिफारस हीच का? एक तर हे प्रिंट एकरंगी, त्यामुळे मागाहून रंग चढवून फसवण्याचे प्रकार फार कमी. दुसरं, आकार घरगुती, पत्रा साधारण २० बाय २६ सेंटिमीटर. मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये माउंटसह, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीसह, सहज मावतं आणि दोन शेजारी लावली तर भिंत भरते. तिसरं, खंड फोडून सुटे केलेले कागद मोठ्या संख्येने फिरत असल्याने अठराव्या शतकातल्या नावाजलेल्या प्रिंटांमध्ये हे स्वस्तात पडणाऱ्यांपैकी आहे. आणि चौथं, यात मेंढपाळ आणि देव दोन्ही मिळतात. अॅडमीटस राजाची गुरं राखणारा अपोलो सूर लावून बसलाय आणि मागून मर्क्युरी ती गुरं पळवतोय, असलं दृश्य क्लोदने पुन्हा पुन्हा रंगवलं. गुराखी देव, बासरी आणि खोड्या हे आपल्याला परकं वाटत नाही. फक्त इथे देव अगदी लहान आणि माळरान अफाट. ज्यांना देवाचं मुखच पाहायचंय त्यांची निराशा होईल, आणि त्यांनी स्टिपलकडेच जावं.

तोटा एकच, पण मोठा. मेझोटिंटचा खरखरीतपणा दाबाखाली लवकर बसतो. पहिल्या काही प्रती गडद निघतात, पुढे पुढे फटकारे फिके होतात आणि एचिंगच्या रेघा उघड्या पडतात. अर्लमचे पत्रे पुढेही छापले गेले आहेत. म्हणून प्रत पाहताना आधी झाडाखालची सावली बघा. तिथे खोली आहे का? मग दूरचे डोंगर बघा. आकाश आणि डोंगर यांच्यात हलकी छटा उरलीय, की नुसत्या रेघांचा सांगाडा आहे? ब्रिटिश म्युझियमच्या संकेतस्थळावर मूळ रेखाटनं आणि प्रिंटं दोन्ही पाहायला मिळतात. विक्रेत्याचा फोटो त्याच्या शेजारी ठेवला की फरक लगेच दिसतो.

चित्राखालची बारीक अक्षरं अवश्य वाचा. डावीकडे क्लोदचं नाव आणि 'डेलिन', म्हणजे रेखाटन त्याचं. उजवीकडे अर्लम आणि 'फेसिट', म्हणजे पत्रा याने केला. स्टिपलवर त्याजागी बहुधा 'पिन्क्सिट', म्हणजे रंगवलं, आणि 'स्कल्पसिट', म्हणजे कोरलं, असं असतं. त्याखाली प्रकाशकाचं नाव, पत्ता आणि तारीख. ही तारीख शोभेची नव्हे. चित्रकार विल्यम होगार्थच्या खटपटीने १७३५ साली झालेल्या, प्रिंटांची नक्कल रोखणाऱ्या कायद्याचं संरक्षण हवं तर पत्र्यावर तारीख घालावी लागे. पण तारीख पत्र्याची असते, छपाईची नव्हे, आणि इथे कागद कामाला येतो. प्रिंट फ्रेमबाहेर काढून उजेडासमोर धरा. १७९४ पासून इंग्रजी कागद बनवणारे जलचिन्हात (वॉटरमार्कमध्ये) साल घालू लागले. खाली १७७७ आणि कागदाच्या पोटात अठराशेनंतरचं साल दिसलं, तर पत्रा तोच पण छपाई नंतरची. अशी प्रत घेऊ नये असं नाही, भाव तेवढा उतरवून घ्यावा.

बूशे आणि पॅरिस

बूशेचे मेंढपाळ क्लोदच्या मेंढपाळांसारखे उन्हातान्हातले नाहीत. रेशमी कपडे, फितीने बांधलेली मेंढी, पिंजऱ्यातला पक्षी, एकमेकांच्या कानात कुजबुज. फ्रान्सच्या पंधराव्या लुई राजाच्या दरबाराला हेच रुचत होतं, आणि राजाची प्रेयसी मादाम द पोंपादूर हिचा बूशे आवडता चित्रकार. त्याच्या तेलचित्रांवरून केलेली नेहमीची रेघांची एनग्रेव्हिंगं पुष्कळ आहेत. मला भावतात ती जिल दमार्तोची. कागदावर लाल खडू घासल्यावर जशी दाणेदार, तुटक रेघ उमटते तशी त्याने दातेरी चाकांनी पत्र्यावर आणली. कधी लाल आणि काळा असे दोन पत्रे वापरले. लुई-मारँ बोने याने १७६९ साली बूशेच्या फ्लोराच्या मस्तकासाठी तब्बल आठ पत्रे एकावर एक छापले आणि पेस्टलचा आभास उभा केला. ती प्रत तुमच्या-माझ्या आवाक्यातली नव्हे, संग्रहालयातच पाहायची.

दमार्तो आपल्या प्रिंटांना क्रमांक घालत असे आणि पत्ताही, त्यामुळे कडा शाबूत असतील तर ओळख पटवणं सोपं. पण घोटाळा असा की लाल खडूचा हा देखावा विसाव्या शतकात स्वस्त छपाईत अमाप निघाला, आणि काचेमागून तो पहिल्या नजरेला सारखाच दिसतो. फ्रेम न उघडता दमार्तो घेऊ नका. आणखी एक व्यावहारिक गोष्ट, यात नग्न व्हीनस आणि अप्सरा बऱ्याच असतात. घरात कोण कोण राहतं, बैठकीत कोण येतं-जातं याचा विचार आधी करा. मागाहून चित्र पलंगामागच्या भिंतीवर हलवावं लागलं तर ते चित्रावरही अन्याय.

नकला

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात बार्तोलोत्सीची मोठी लाट आली. जुने पत्रे पुन्हा छापले गेले आणि फोटोग्राव्ह्युअरने नव्या प्रतीही निघाल्या. फोटोग्राव्ह्युअर, म्हणजे फोटोवरून पत्रा तयार करून छापणं, हे १८७९ च्या सुमाराचं तंत्र आहे. तेही तांब्याच्या पत्र्यावरचंच, त्यामुळे कागदावर पत्र्याच्या कडेचा दबलेला ठसा येतो आणि 'ठसा आहे म्हणजे अस्सल' हा ठोकताळा इथे फसतो. भिंगाखाली मात्र ठिपक्यांच्या आत-बाहेर सगळीकडे एकसारखी बारीक रवाळ जाळी दिसते. ठिपके ओळीत, ठरावीक अंतरावर असतील तर ते हाफटोन, म्हणजे पुस्तकातल्या चित्रासारखी साधी छपाई. नकल म्हणून स्वस्तात मिळाली आणि डोळ्यांना आवडली तर जरूर लावा, काही फोटोग्राव्ह्युअर फार सुरेख आहेत. भाव फक्त नकलेचा द्या.

आपल्याकडचा पर्याय आणि आपली हवा

हेच पैसे राजा रविवर्म्याच्या छापील चित्रात घालावेत का, हा प्रश्न मराठी घरात हमखास निघतो. तंत्र वेगळं आहे. रविवर्म्याचा छापखाना १८९४ साली मुंबईत निघाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तिथली ओलिओग्राफ दगडावरून अनेक रंगांत छापलेली आहेत. त्याआधी पुण्यात १८७८ साली चिपळूणकरांनी चित्रशाळा छापखाना काढला होता. देवांचे चेहरे, रंग आणि ओळखीच्या कथा हव्या असतील तर ही चित्रं मनाला जास्त जवळची, आणि मुंबईच्या चोर बाजारात मटन स्ट्रीटला ती आजही दिसतात, नकलांच्या गर्दीत. परदेशी राहणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत. लंडनला घर सजवायचं असेल तर तिथेच अर्लम घेणं सोपं.

हवेचा विचार सगळ्याच पर्यायांना लागू आहे, आणि कोकणपट्टीत, गोव्यात तर सर्वात आधी. दमट कागदावर तपकिरी डाग उठतात, कसर कागद कुरतडते. पावसाचा मार बसणाऱ्या भिंतीवर प्रिंट लावायचं नाही. फ्रेमवाल्याला तोंडाने आणि लिहूनही सांगा: काही कापायचं नाही, काही चिकटवायचं नाही. कडा कापल्या की खालची अक्षरं जातात आणि चित्राची ओळखच जाते. हार्डबोर्डवर डिंकाने बसवलेलं प्रिंट पुन्हा मोकळं करणं हे तज्ज्ञाचं, खर्चाचं काम. आम्लरहित माउंट, वरच्या बाजूला जपानी कागदाच्या दोन बिजागऱ्या, गव्हाच्या खळीने लावलेल्या, आणि काच व कागद यांच्यात माउंटचं अंतर, एवढं हवं. फ्रेमच्या मागे खाली दोन्ही कोपऱ्यांत बुचाचे तुकडे लावले तर भिंत आणि फ्रेम यांच्यात हवा खेळती राहते. थेट ऊन कुठल्याच प्रिंटवर नको, हाताने रंगवलेल्या स्टिपलवर तर दिवसभराचा खिडकीचा उजेडही नको.

ऑनलाइन घेत असाल तर पैसे भरण्याआधी विक्रेत्याकडून चार फोटो मागा: फ्रेमबाहेर काढलेलं पूर्ण पान कडांसह, खालची अक्षरं जवळून, एका बाजूने तिरपा उजेड टाकून पत्र्याच्या कडेचा ठसा, आणि मागची बाजू. जुने डाग, चिकटपट्टी, भोकं, दुरुस्ती हे सगळं मागूनच दिसतं. मागच्या बाजूचा फोटो द्यायला कुणी टाळाटाळ केली तर ती प्रत सोडून द्या. अर्लमचे सुटे कागद थोडं थांबलं की पुन्हा विक्रीला येतात.